हसरं कोहळं

गेल्या उन्हाळ्यात केळापूरचं घर सोडून आम्ही आर्णीला आलो. घाई माझीच होती. ऑक्टोबर संपत आला आणि मुलीच्या शाळेत हॅलोविन निघाला. सगळ्यात भयानक कोहळं कोरेल त्याला बक्षीस. लाल भोपळ्याला आमच्याकडे कोहळंच म्हणतात.

मी कॉलेजात इतिहास शिकवतो, त्यामुळे घरच्यांना व्याख्यानं फुकट मिळतात. मी सुरू केलं : हा भुतांचा खेळ नव्हे, जुन्या केल्टिक लोकांचा हंगाम संपल्याचा सण. त्या दिवशी आपली गेलेली माणसं घरी येतात, अशी त्यांची समजूत. वाईट भुतांनी पळावं म्हणून भेसूर तोंडं कोरायची, तीही आधी सलगमवर. कोहळं पुढे अमेरिकेत आलं.

आई तांदूळ निवडत होती. "म्हंजे पित्तरच ना," ती म्हणाली आणि माझा तास संपला.

मुलीनं सुरी उचलताच आई ओरडली, "थांब बाई! कोहळ्यावर पयला घाव बाईमाणसानं घालू नाई." यावरही माझ्याकडे व्याख्यान होतं, पण तोवर सुरी माझ्या हातात आली होती. मी मुकाट्यानं घाव घातला. आतला गर आईनं भाजीसाठी नेला.

महिनाभर आधी, पितृपक्षात, आई डेंग्यूनं दवाखान्यात होती. बाबांचं पान वाढायचं राहिलं. "एखादं वर्ष चुकलं तर काय बिघडतं?" असं मीच म्हणालो होतो. पुढे कितीतरी दिवस तिला जेवण गोड लागलं नाही. मला ते दिसत होतं.

मुलगी दात कोरू लागली तशी आई पुन्हा आली. "असं तोंड कायले करतं? तुहा आजा भिऊन वापस जाईन ना!"

"आजी, बक्षीस भयानकलेच आहे!"

बरीच घासाघीस झाली. शेवटी कोहळं हसरं झालं. दुसऱ्या दिवशी शाळेत त्याला कुणी विचारलंही नाही, ते सोडा.

त्या संध्याकाळी आईनं कोहळ्यात दिवा लावून ते दारात ठेवलं आणि शेजारी बाबांचं पान वाढलं.

"आई, पितृपक्ष कधीच गेला," मी म्हणालो.

"मले मालूम हाय. पण हे घर त्याईनं पाह्यलंच नाई. दिवा दिसला तं सापडन."

मला फार अपराधी वाटलं. मी आत गेलो आणि भाजीची आणखी एक वाटी भरून आणली. कोहळ्याची भाजी बाबांना एका वाटीत कधीच पुरायची नाही.