खो-खोचा खांब उपटून माझा सत्कार

मंडळी, डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून आत्ताच लिहितेय.

खो-खो खेळणाऱ्या पोरींवर मी मुलांसाठी कादंबऱ्यांची मालिका लिहिते, हे तुम्हाला माहीतच आहे. आज चौथ्या भागाचं प्रकाशन चितेगावजवळच्या एका शाळेत होतं. गेले तर मैदानावर भलामोठा मांडव, आणि शाळेचा खो-खोचा संघ नऊवारी नेसून, ओवाळायची ताटं धरून तासाभरापासून उन्हात उभा!

मुख्याध्यापक माइकवर म्हणाले, "पुस्तक वाचायला सवड नाही मिळाली, पण विषय लई प्रेरणादायी आहे." मग सहा पाहुणे बोलले. एकानंही पुस्तक उघडलेलं नव्हतं.

जेवताना संघाची कप्तान जवळ आली. सातवीतली पोरगी, आधीचे तिन्ही भाग वाचलेली.

"मॅडम, ते स्टेज हाय ना, तिथं आमचा खांब होता. काल उपटला. शनिवारी मॅच हाय आमची."

"परत रोवतील ना?"

"नाय हो. मागच्या पाव्हण्यांच्या टायमाला पण काढला होता. आम्हीच गाडला परत."

किळस आली. त्या भाषणांची आली आणि माझीही. माझ्या पुस्तकातल्या पोरी मैदानासाठी अख्ख्या गावाशी भांडतात. आणि मी? शाल घेतली, नारळ घेतला, फोटोसाठी हसले, गाडीत बसले.

उद्या सकाळी सात वाजता पहार घेऊन तिथं जातेय. कोण येतंय सोबत? हार-नारळ मात्र कुणी आणू नका.