मुरोतांची नदी चुकली

आमच्या क्योतोत कुणी तोंडावर काही बोलेल तर शपथ! शेजारच्या पोरीच्या पियानोने डोकं उठलं, तर "काय सुरेख वाजवायला लागलीय हो!" एवढंच म्हणायचं, आणि पोरीच्या आईने मुकाट्याने खिडकी लावून घ्यायची. लेकी बोले सुने लागे, हीच इथली मातृभाषा. म्हणून टॅक्सी कंपनीचे मॅनेजर इसोगाई एका सकाळी हसत हसत म्हणाले, "मुरोतासान, तुमच्या गाडीतून गिऱ्हाइकांना शहर कसं निवांत बघायला मिळतं!" तेव्हा तोकुझो मुरोता काय ते समजले. कुणीतरी तक्रार केली होती तर!

मुरोतांचा उभा जन्म याच शहरात टॅक्सी चालवण्यात गेला. पांढरेशुभ्र हातमोजे, चकचकीत गाडी, आणि गिऱ्हाइकाने अर्धा पत्ता सांगितला की उरलेला हे सांगणार. नवे ड्रायव्हर त्यांना रस्ते विचारायचे. त्याचा थोडा तोराही होता, का नसावा? पण उन्हाळ्यापासून काहीतरी बिनसलं. ओळखीचं वळण समोर यायचं आणि डोकं एकदम कोरं. मग जरा वेळाने सगळं परत जागेवर. त्यांनी कुणाला म्हणून सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! पण रात्री डोळा लागायचा नाही. एक दिवस रस्ता परत आलाच नाही तर? आपल्या चाकाखाली कुणी आलं तर? आणि गाडी सोडली, तर मग मुरोता म्हणजे कोण?

बायको, सुमिए, तीही आडूनच बोलायची. त्या दिवशी डबा हातात देताना म्हणाली, "अहो, ऊन काय छान पडलंय. अंगणातला पाइन छाटायचा राहिलाय."

"पाइनला कसली घाई? माझ्यामागेही उभाच राहणार आहे तो."

ती हसली नाही.

स्टेशनवर एक परदेशी बाई गाडीत बसली. गळ्यात बिल्ला, मांडीवर कागदांची चळत. कार्ड पुढे केलं: उत्तरेकडचं, तळ्याकाठचं परिषद भवन. मुरोतांच्या जिवात जीव आला. हा रस्ता होय! डॉक्टरांच्या, हवामानवाल्यांच्या, कसल्या कसल्या परिषदांना माणसं नेली होती त्यांनी तिथे. नदीचा काठ धरायचा आणि वर जायचं. बाईने घड्याळावर बोट ठेवून घाई आहे असं खुणेने सांगितलं, आणि मागे आपलं भाषण पुटपुटत बसली.

सगळं ठीक चाललं होतं. मग नदीच्या दोन नद्या झाल्या.

तिथे त्या मिळतात, हे काय मुरोतांना ठाऊक नव्हतं? पण आता धरायची कुठली? डावीकडची की उजवीकडची? डोकं कोरं. मागच्या गाडीचा भोंगा वाजला. घाबरून त्यांनी डावी धरली. पुढे पूल आला, तो ओळखीचा वाटेना. झाडं ओळखीची वाटेनात. पडद्यावरचा नकाशा लावला, तर बाण कुणीकडे आणि आपण कुणीकडे, याचाच मेळ बसेना. त्या पडद्याकडे बघता बघताच सायकलवरची एक म्हातारी समोर आली.

ब्रेक लागला. अगदी वेळेवर लागला म्हणायचं. मागे कागद विखुरले. म्हातारीच्या टोपलीतल्या कांद्याच्या पाती रस्त्यावर सांडल्या, आणि ती बिचारी वाकून वाकून यांचीच माफी मागू लागली. मुरोतांनी उतरून तिच्या पाती गोळा करून दिल्या. देता देता अर्ध्या त्यांच्याच हातून पुन्हा पडल्या.

"आजोबा, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" तिने विचारलं. स्वतः ऐंशीची असेल.

मुरोतांनी गाडी कडेला घेतली आणि घरी फोन लावला. घंटा पुरती वाजलीही नाही.

"कुठे आहात?" सुमिएने विचारलं. नुसतं तेवढंच.

"माहीत नाही," मुरोता म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू येईना. "परिषद भवनाला निघालोय. मागे बाई बसलीय."

"काय दिसतंय?"

"नदी. उजव्या हाताला."

"आणि हिएईचा डोंगर?"

"तोही उजवीकडे. लांब."

"मग डावी नदी धरलीत तुम्ही. घाबरू नका. पूल ओलांडा, डोंगर समोर ठेवा आणि सावकाश चला. फोन चालूच राहू दे. डावीकडे कित्सुनेझाकाचा चढ लागेल, तो चढलात की खाली तळं."

मुरोता बैलगाडी हाकावी तसे चालले. सुमिए बोलत राहिली. चढ लागला, तळं आलं, कलत्या भिंतींचं ते अवाढव्य भवन दिसलं. बाईला वाटलं, कंपनीच रस्ता सांगतेय. उतरताना तिने दोन्ही हात जोडल्यासारखे केले, हसली आणि कागद छातीशी धरून पळाली. ती वेळेवर पोचली होती.

मुरोता गाडीतच बसून राहिले.

"सुमिए, एवढं धडाधड कसं सांगितलंस? तुला तर या भागातलं काही माहीत नाही."

पलीकडे कागदाची सळसळ झाली.

"नकाशा पसरलाय पुढ्यात."

"आत्ता काढलास?"

"नाही हो. उन्हाळ्यापासून. तुम्ही बाहेर पडलात की पसरते आणि फोनपाशी बसते. भाजीलासुद्धा तुम्ही आल्यावर जाते."

इतके दिवस आपण एकटेच भितो, अशी मुरोतांची समजूत होती.

"मला फार भीती वाटते गं," ते म्हणाले. सबंध जन्मात असं सरळ ते कुणाशी बोलले नव्हते.

"मलाही."

त्यांनी हातमोजे काढले, इंजिन बंद केलं. "इसोगाईंना सांगतो, गाडी न्यायला माणूस पाठवा. यापुढे नाही चालवणार. आणि मला..." पुढचं बोलताना त्यांना लाज वाटली, पण बोलले. "मला न्यायला तू येशील?"

"निघालेच," सुमिए म्हणाली. "तिथनं हलू नका हं. कुठ्ठे जाऊ नका."