नाना आणि लांब पट्टीची मशीन

आमचे नाना दुकानात शिरले की वस्तू उचलून आधी हातात तोलत, मग कानाशी धरून हलवत, आणि खाली ठेवून दुसरी मागत. मग तो पंखा असो, कुकर असो, नाहीतर कुणाच्या लग्नातलं घड्याळ. सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या गल्लीत कुणाला काही घ्यायचं झालं की नानांना सोबत न्यायची रीतच पडली होती. लूमच्या कारखान्यात ते जॉबर होते, बिघडलेले माग दुरुस्त करायचे. त्यामुळे यंत्रातलं नानांना सगळंच कळतं असा लोकांचा समज होता. नानांचाही होता. "हात लायीसन पाहा, मंग बोला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

अंगणात आमचा मोठा निंब होता. पावसाआधी फांद्या छाटल्या नाहीत तर वादळवाऱ्यात त्या घरावरचे पत्रे फोडीत. कुऱ्हाडीने ते काम आवरेना, तेव्हा नानांनी साखळीची करवत घ्यायचं ठरवलं. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नव्हता, म्हणून विजेवरची नको, पेट्रोलवरची घ्यायची. इथवर त्यांचं बरोबर होतं. प्रश्न होता तो साखळी ज्या पट्टीवरून फिरते ती केवढी घ्यायची याचा. दुकानदाराने छोटीच पुरेल असं गुजरातीत सांगितलं, "काका, घरना काम माटे नानी चाले. लांबी संभाळवी भारे पडशे." नानांनी छोटी मशीन उचलली, तोलली, खाली ठेवली. "वरीसमा दोनदाच काम शे, पन काम जबर शे," असं म्हणून ते दुकानातली सगळ्यात लांब पट्टीची घेऊन रिक्षात बसले. आई सोबत होती. ती सांगते, रस्ताभर त्यांनी मशीन अशी धरली होती की येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी.

निंबाची एक आडवी फांदी मात्र कुणी छाटत नसे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोका बांधतात आणि गाणी म्हणत झुलतात. सुरतेत येऊनही आमच्या लोकांनी ते सोडलं नव्हतं. गल्लीतल्या सगळ्या माहेरवाशिणींचा झोका त्याच फांदीला असे. त्या साली माझी लग्नानंतरची पहिली आखाजी होती. नवागामहून दीर मला सोडायला आला आणि आमरसाला थांबला. झोक्याचा दोर बाहेर आला तसे नाना म्हणाले, "दोर जुना शे, औंदा झोका ऱ्हाऊ द्या." दोर नवाकोरा होता. मग म्हणाले, ऊन फार आहे. बायका हसल्या आणि त्यांनी झोका बांधला. मान पहिला माझा होता. मी पाटावर बसणार तोच नाना मध्ये आले.

"पहिले मी बठसू."

लेकींच्या झोक्यावर पन्नाशीचा बाप्या! सगळी गल्ली खो खो हसली. आई म्हणाली, "तुम्ही येडा व्हयनात का?" दीर तोंड फिरवून हसत होता. सासरी जाऊन हा काय काय सांगेल, ते मला तिथेच दिसायला लागलं आणि माझं डोकं फिरलं. चारचौघांत मी बापावर ओरडले, "उतरा नाना! मनी लाज काढी तुम्ही!" नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाय रेटून त्यांनी मुद्दाम जोराचा झोका घेतला, आणि फांदी कडाडून त्यांच्यासकट खाली आली.

पडलेल्या फांदीचं तोंड अर्धं चिरफाळलेलं होतं आणि अर्धं करवतीने कापल्यासारखं गुळगुळीत. गुळगुळीत भागावर माती लिंपलेली होती. आठवडाभरापूर्वी नानांनी पुढची फांदी छाटली, तेव्हा लांब पट्टीचं टोक मागच्या या फांदीत शिरलं होतं. हे समजायला कुणाला काही विचारावं लागलं नाही. नानांच्या कमरेचं हाड मोडलं होतं, पण ते कण्हत नव्हते. माझा हात धरून म्हणाले, "मना हाततीन चूक व्हयनी, बेटा. सांगाले तोंड नही व्हतं."

त्यानंतर नाना कायमचे लंगडत चालले. खरेदीला त्यांना कुणी बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी ते गेले नसते. मशीन मात्र घरात राहिली आणि लोक ती मागायला येत. "पहिले मना पाय पाहा," असं म्हणून नाना मागणाऱ्याला समोर बसवत आणि सगळी हकिकत सांगत. दुकानदाराचं न ऐकणं, पट्टीचं टोक, लिंपलेली माती, दोराबद्दलची थाप, यातलं ते काही लपवत नसत. मग मशीन देत. जी गोष्ट एकदा तोंडातून निघेना, ती त्यांनी शेवटपर्यंत येईल त्याला सांगितली.

माझं ओरडणं तेवढं त्या हकिकतीत कधी आलं नाही. "पोरगी बिचारी रडाले लागनी," एवढंच ते माझ्याबद्दल सांगत. मी समोर बसलेली असले तरी तसंच सांगत. ती जागा जवळ आली की मी चहा ठेवायला आत जात असे.