मध्ये जाड, कडेला पातळ

आमच्या रोह्याच्या कंपनीत काचेवर कोटिंग करून प्रकाशाचे रंगीत फिल्टर बनवताना निम्म्याहून अधिक कोटिंग मशीनच्या भिंतींवरच जाऊन बसायचं. किश्श्यांचंही तसंच! धड फिल्टर मोजके निघाले, किस्से मात्र खरवडून काढावे लागतील इतके साठलेत.

*

काम सांगायला सोपं. मशीनमधली हवा काढायची, खाली पदार्थ तापवून त्याची वाफ करायची. ती वरच्या फिरत्या घुमटाला, म्हणजे डोमला, लावलेल्या काचांवर बसते. थर सगळीकडे सारखा हवा, जाडी बदलली की रंग बदलतो. माझा बसायचा मध्ये जाड, कडेला पातळ. एकाच डोममधून एक काच हिरवी निघायची, दुसरी निळी!

मॅनेजर म्हात्रेसाहेब ट्रे बघून म्हणाले, "फिल्टर बनवतोयस की बांगड्या? ही ऑर्डर पास झाली तर परमनंट, नाहीतर घरी!"

*

त्याच दिवसांत जोहे गावाला मुलगी बघायला गेलो. तिच्या वडिलांचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. त्यांनी विचारलं,

"काय काम करता?"

"काचेवर थर बसवतो."

"सारखा बसतो?"

खोटं बोलवेना. "मध्ये जाड, कडेला पातळ."

त्यांनी पोह्यांची बशी पुढे सरकवली. "खावा. परमनंट झालात की बोलू."

मुलगी, सुषमा, हसू दाबत आत पळाली. मला ती फार आवडली, हीच पंचाईत!

*

मग मी इरेला पेटलो. जाड थर अडवायला मध्ये पत्र्याची पट्टी लावली. कानशीने घासली, बॅच काढली, पुन्हा घासली. पट्टीची काडी झाली, फरक शून्य!

शेवटी मशीनच्या झरोक्यातून आत डोकावलो. डोम ढिम्म! साफसफाईच्या वेळी तो फिरवणारी मोटर मीच बंद केली होती.

ऑपरेटर गणपत शांतपणे म्हणाला, "मला वाटला, तुमचा प्रयोग हाय!"

गणपत जोह्याचाच. बातमी त्याच संध्याकाळी सुषमाच्या घरी पोचली.

*

दसऱ्याला मशीनची पूजा झाली. मी भक्तिभावाने झेंडूचं फूल थेट आत, डोमच्या मागे खोचलं. दुसऱ्या दिवशी व्हॅक्यूम येईना. दिवसभर गळती शोधली, सगळे सील बदलले. संध्याकाळी फूल सापडलं, वाळून पापड! त्यातल्या पाण्याचीच दिवसभर वाफ होत होती.

म्हात्रेसाहेब म्हणाले, "अरे, देव पावला असता. तू त्याचा श्वास कोंडलास!"

*

दिवाळीच्या तोंडावर मात्र, फिरता डोम आणि नवी पट्टी, असं जमलं. ट्रे उन्हात धरला. सगळ्या काचा एकसारख्या हिरव्या! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ऑर्डर पास झाली, मी परमनंट झालो. म्हात्रेसाहेबांनी हात मिळवून बजावलं, "आता कुठल्याही बटणाला हात लावू नकोस!"

*

लग्न जोह्यात लागलं. आदल्या दिवशी आत्याने माझ्या नाकागालांवर हळद अशी थापली होती, की आंघोळ करूनही निघाली नाही. कान मात्र कोरे.

मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला. समोर हार घेऊन सुषमा. तिने माझं तोंड या कानापासून त्या कानापर्यंत नीट बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलली,

"मध्ये जाड, कडेला पातळ! मोटर बंद होती वाटतं?"