आमचे साडू आणि पालांचा पत्ता

आमच्या थोरल्या साडूंएवढा रागीट माणूस सबंध संभाजीनगरात दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर साडूंचं त्याच्याशी आधीच भांडण झालेलं असणार. पालं ठोकून राहणाऱ्या भटक्या कुटुंबांतल्या तरण्या पोरापोरींना शिक्षण, कामधंदा, सरकारी कागद मिळवून देणारे कार्यकर्ते तयार करायचे, हा त्यांचा उद्योग. त्यासाठी ते भरवत त्या शिबिरात कुणी "आपल्याला ह्यांचा उद्धार करायचाय" म्हणालं, की साडू त्याला दारातल्या चपला नीट लावायला बसवत. "आधी एवढं जमव, मग दुनियेचं बघ!" हारतुऱ्यांचा तर त्यांना भारी तिटकारा. एकदा पाहुण्यांसाठी आणलेला हार त्यांनी तिथल्या तिथं शेळीपुढं टाकला, आणि शेळीनं तो खाऊन संपवेपर्यंत पाहुण्यांना थांबवलं.

पहिल्या दिवशीचा धडा म्हणजे निव्वळ छळ. शहरात भाड्यानं खोली शोधायची, पण गाव विचारलं तर "गाव नाही" एवढंच सांगायचं. मी चांगला बँकेतून निवृत्त झालेला माणूस, बायकोच्या भिडेखातर शिबिरात गेलेला. तीन घरांनी मला पाणीही न विचारता वाटेला लावलं. चौथ्या घरच्या बाईंनी सरळ आतून कडी घातली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड! साडू म्हणाले, "एका दुपारीच? ते जन्मभर ऐकतात."

त्या साली दुष्काळ होता. पडेगावच्या पुढं माळावर वीसेक पालं होती, आणि टँकर थांबायचा पार मैलभर लांब, नव्या प्लॉटिंगच्या तोंडाशी. पालांवरची रेखा बारावी झालेली आणि नर्सिंगला जायचंच म्हणून हट्टाला पेटलेली. प्रवेशाला जातीचा दाखला हवा, दाखल्याला रहिवास हवा, आणि रहिवासाला तलाठ्यानं जागेवर येऊन केलेला पंचनामा. गाव नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून पुढचं शिक्षण नाही! अहो, ही काय रीत झाली? साडूंनी कचेरीत हेलपाटे घालून, तिथल्या बाबूंशी रोज भांडून अखेर पंचनाम्याचा दिवस मिळवला.

आणि आम्ही काय केलं? बायाबापड्या दोन हंड्यांसाठी उन्हात मैलभर चालतात हे बघून आम्हां शिबिरार्थींना कळवळा आला. साडू कचेरीत गेलेले. आम्ही सगळी पालं उपसली आणि टँकरजवळ नेऊन ठोकली. बाया खूश झाल्या. रेखा तेवढी म्हणत होती, "काका, सायबाला तिकडचाच पत्ता दिलाय." मी म्हणालो, "अगं, मैलभरानं काय होतंय!" दुसऱ्या दिवशी तलाठी मोकळ्या माळावर आले आणि "सदर ठिकाणी कोणीही राहत नाही" असं लिहून गेले. इकडंतिकडं बघायची तसदीसुद्धा नाही! प्रवेशाची मुदत त्याच आठवड्यात संपली.

मला वाटलं, आता साडू माझी सालटी काढणार. पण ते मला घेऊन रेखाच्या पालापुढं गेले, आणि ज्या माणसानं आजवर बायकोचीही माफी मागितली नव्हती तो हात जोडून म्हणाला, "पोरी, माझी माणसं कच्ची निघाली. चूक माझी."

"नाय सर," रेखा चुलीतलं लाकूड सारत म्हणाली, "पानी लई जवळ आलं की. आई आता दुपारची घटकाभर निजती." मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "पर काका, मी सांगत व्हते."

साडू अजूनही मला चहा सांडण्यापासून मत कुणाला दिलं इथपर्यंत सगळ्यावरून झापतात. ह्या एका गोष्टीवरून मात्र त्यांनी मला कधीच झापलं नाही. झापलं असतं तर बरं झालं असतं.