गाडीच्या वाट्याचं पाणी

प्रसूती वॉर्डाच्या खिडकीतून समोरच्या सोसायटीचं आवार दिसतं. तिथे रोज सकाळी एक माणूस नळी लावून पांढरी गाडी धुतो. पाणी अगदी नितळ. मला त्या गाडीचा हेवा वाटतो. हेवा कसला, जळफळाटच होतो.

कारण माझ्या पाठीमागच्या खाटेवर माझी ताई आहे. सातवा महिना, आणि डोळे हळदीसारखे पिवळे. आमच्या वस्तीत पिण्याच्या पाण्याचा पाइप गटारातून येतो. आम्ही ते पाणी चौपदरी फडक्याने गाळतो आणि स्वच्छ झालं म्हणतो. ताईला कावीळ झाली तेव्हा आईने गावठी वैद्याकडून माळ आणून तिच्या गळ्यात घातली. माळ लांबत जाते तशी कावीळ उतरते, असं आमच्याकडे मानतात. माळ रोज लांबत होती आणि आम्ही निश्चिंत होतो.

"दूषित पाण्यातून आलेली कावीळ आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गरोदर बाईला ही फार जड जाते. आई आणि बाळ, दोघांच्याही जिवाला धोका आहे."

आईने माळ काढून घेतली.

आज मी ताईला म्हटलं, "बघ, गाडीसुद्धा आपल्यापेक्षा चांगलं पाणी पिते."

ताई ग्लानीतच हसली. "पाण्याचा पाइप बदला म्हणून गावभर पत्रकं वाटतेस आणि इथे गाडीवर जळतेस होय गं? जाऊन भांड की!" तिने माझा हात ओढून पोटावर ठेवला. "बाळ बघ, आतून भांडतंय."

तळव्याला एक बारीक लाथ लागली. खाली तो माणूस गाडीवर दुसऱ्यांदा पाणी सोडत होता.