सीझन संपेपर्यंत

पाचगणीतलं आमचं घर मे महिन्यात आमचं नसे. पुढच्या दोन्ही खोल्या मुंबईच्या पाहुण्यांना द्यायच्या आणि आपण मागच्या पडवीत अंथरुणं टाकायची. त्यांचं जेवणही आईच्याच हातचं. थंड हवा खायला आलेल्या या मंडळींना भूक मात्र वाघासारखी लागे! मला त्यांचा राग यायचा. पण त्या सीझनवरच आमचं वर्ष निघायचं. पावसाळ्यात आमच्याकडे कुत्रंही फिरकत नसे.

बांगलादेशची लढाई होऊन गेली होती, तरी वडील अजून सीमेवरच होते. ऐन सीझनमध्ये एका दुपारी पाटणहून मामा आला. पुढे पाहुण्यांची पंगत बसलेली. आई आमरस वाढून आत आली, तर मामा चुलीपाशी उभा.

"ताई, आबा गेलं. समदी तुझ्यासाठी थांबल्यात. चल."

आईने पदराचा बोळा तोंडात कोंबला. सुतकाच्या घरचं कोण खाणार? पाहुणे तडक दुसरं घर बघणार, आणि पुढच्या वर्षीही तिकडेच जाणार. एसटी स्टँडवर ती मामाबरोबर दिसली असती, तरी संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं.

"थांबू नगा," ती म्हणाली. "उरकून घ्या."

"आगं, बापाचं तोंड तरी..."

"जा म्हणते न्हवं!"

मामा पाणीही न पिता मागच्या दाराने गेला. आईने मात्र चुलीला हात लावला नाही. सुतकात लोकांना जेवू घालायचं पाप नको, म्हणून शेजारच्या चुलतीला तेवढं खरं सांगून रांधायला बोलावलं आणि पाहुण्यांना सांगितलं, अंगात कणकण आहे. लेकीचं सुतक तीन दिवसांचं. तेवढे दिवस ती पडवीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

"बाई, आमटीला तुमच्या हातची चव नाही हं," एका पाहुणीने दारातून लाडाने तक्रार केली. आई हसली. ते हसू मला आजही सहन होत नाही.

जूनमध्ये पाहुणे गेले. पुढच्या खोल्या झाडून आम्ही पाऊस अडवायला बाहेरच्या भिंतींना गवताच्या झडी बांधायला घेतल्या. तेवढ्यात आई रिकाम्या खोलीत मधोमध बसली आणि तिने असा हंबरडा फोडला, की खालच्या आळीतल्या बायका धावत आल्या.

"काय झालं गं? कोण गेलं?"

"माझा बाप गेला."

"आगं बाई! कवा?"

चुलती काही सांगायला पुढे झाली, पण आईने मान वर केली.

"आज," ती म्हणाली.